लाइन मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये हातोड्यांची अख्खी पट्टी का हलवतात? रचनेविषयी काही प्रश्न

वारणाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या देखभाल विभागात काम करतो. शिक्षण यंत्र अभियांत्रिकीतील पदविकेपर्यंत झाले आहे. आमच्या संगणक विभागात एक लाइन मॅट्रिक्स प्रिंटर आहे. गळीत हंगामात पंधरवड्याची ऊसबिले, तोडणी-वाहतुकीचे हिशेब आणि त्यांच्या याद्या अजूनही त्याच्यावरच, १५ × १२ इंची सलग कागदावर, प्रतींसह छापल्या जातात. हंगाम संपल्यानंतर साफसफाईसाठी तो उघडला तेव्हा त्याची आतली रचना प्रथमच बारकाईने पाहता आली, आणि यंत्राच्या माणसाला पडावेत असे काही प्रश्न तेव्हापासून मनात आहेत.

टेबलावरच्या नेहमीच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये ९ किंवा २४ पिनांचे एक लहान डोके कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावते. इथे तसे काही नाही. कागदाच्या पूर्ण रुंदीची एक जड पट्टी आहे, तिच्यावर कंगव्याच्या दातांप्रमाणे उभ्या हातोड्या बसवलेल्या आहेत आणि ही संपूर्ण पट्टी जेमतेम काही मिलिमीटर डावीकडे-उजवीकडे हलते. एवढे वजन सेकंदाला अनेक वेळा मागेपुढे फिरवण्यापेक्षा प्रत्येक ठिपक्यासाठी स्वतंत्र हातोडी बसवून पट्टी स्थिर का ठेवली नाही, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरे असे की, वीज बंद असतानाही प्रत्येक हातोडी मागे चुंबकाला चिकटून, वाकलेल्या स्थितीत बसलेली दिसते. प्रवाह सोडला की विद्युतचुंबकाने हातोडी पुढे ढकलावी, ही रचना मला अधिक सरळ वाटली असती. उलटी व्यवस्था करण्याचे कारण काय असावे?

तिसरा प्रश्न वजनाचा आहे. हातोड्यांच्या पट्टीइतकेच वजन असलेला एक ठोकळा तिच्या विरुद्ध दिशेने हलत राहतो. तो संतुलनासाठी आहे हे समजते. परंतु जे यंत्र हलके असायला हवे त्यात मुद्दाम दुप्पट वजन हलवायचे, इतकी त्याची गरज खरोखर असते का? जाणकारांनी कृपया आकडे देऊन समजावावे.

छपाईयंत्र_सेवा यांचे उत्तर

वारणाकाठ, बँका आणि वीज मंडळांच्या संगणक केंद्रांमध्ये अशा प्रिंटरांची देखभाल करण्यात माझ्या नोकरीचा मोठा भाग गेला, त्यामुळे आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. आपले पहिले दोन प्रश्न एकाच गोष्टीपाशी येऊन मिळतात. ती गोष्ट म्हणजे हातोडी सुटल्यापासून कागदावर आदळेपर्यंत लागणारा वेळ. आम्ही त्याला फ्लाइट टाइम म्हणत असू. मराठीत सोयीसाठी ‘उड्डाणकाल’ म्हणू.

आधी थोडी पूर्वपीठिका सांगतो, कारण तिच्याशिवाय या रचनेचे महत्त्व कळत नाही. लाइन मॅट्रिक्स येण्यापूर्वीचे लाइन प्रिंटर घडीव अक्षरांचे होते. आयबीएमचा १४०३ हा १९५९ सालचा प्रिंटर घ्या. त्यात धातूच्या अक्षरांची साखळी कागदासमोरून आडवी फिरत असे, कागदामागे १३२ स्तंभांसाठी १३२ हातोड्या असत आणि हवे ते अक्षर समोर आले की त्या स्तंभाची हातोडी कागदाला मागून ठोका देत असे. साखळी थांबत नसल्यामुळे हातोडीला क्षणभर उशीर झाला की अक्षर आडवे सरकायचे. साखळीऐवजी फिरता ड्रम वापरणाऱ्या यंत्रांमध्ये तीच चूक ओळ वरखाली लाटेसारखी दिसण्यात प्रकट व्हायची. म्हणजे हलत्या वस्तूवर अचूक क्षणी ठोका मारण्याची अडचण तेव्हापासूनची आहे. १९७४ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या प्रिंट्रॉनिक्स कंपनीने पी-३०० या प्रिंटरमध्ये घडीव अक्षरे काढून टाकली आणि ठिपक्यांची एक-एक आडवी रांग छापत अक्षर पूर्ण करण्याची पद्धत आणली. गॉर्डन बॅरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या यंत्रणेचे अमेरिकी पेटंट १९७६ साली मिळाले. आपण पाहिलेली रचना मूलतः तीच आहे.

आता प्रत्येक ठिपक्याला एक हातोडी का नाही ते पाहू. इंचाला १० अक्षरे या हिशेबाने १३२ स्तंभांची रुंदी १३.२ इंच, म्हणजे सुमारे ३३५ मिलिमीटर होते. एका अक्षराच्या रुंदीत ५ ठिपके आणि १ मोकळी जागा धरली तर एका रांगेत ७९२ जागा येतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला ०.४२ मिलिमीटर रुंदी येते. तेवढ्या जागेत पोलादी पाटा, चुंबकाचे ध्रुव आणि कॉइल बसवणे शक्य नाही. बसवले तरी शेजारच्या हातोडीचे चुंबकीय क्षेत्र एकमेकांत इतके मिसळेल की कोणती सुटेल याचा भरवसा उरणार नाही. त्याऐवजी ४४ हातोड्या घेतल्या तर प्रत्येकीला ७.६२ मिलिमीटर रुंदी मिळते आणि तिने तीन स्तंभ सांभाळायचे असतात. पट्टी तीन स्तंभांइतकी सरकली की सगळ्या हातोड्यांनी मिळून एक पूर्ण रांग छापलेली असते. मग कागद एका ठिपक्याइतका वर सरकतो आणि पट्टी परतीच्या वाटेवर पुढची रांग छापते. हातोड्यांची संख्या आणि पट्टीचा पल्ला यांच्यातील ही तडजोड आहे. वेगवान प्रिंटरांमध्ये हातोड्या वाढवून पल्ला कमी केलेला आढळेल.

चुंबकाची उलटी व्यवस्था ही या यंत्रातील मला सर्वांत सुंदर वाटणारी कल्पना आहे. हातोडी म्हणजे खाली पक्का बसवलेला, वर मोकळा असलेला पोलादी पाटा, आणि त्याच्या टोकापाशी अतिशय कठीण मिश्रधातूचा बारीक खुंट. कायम चुंबक हा पाटा मागे ओढून धरतो, म्हणजे पाटा वाकलेला राहून त्यात ऊर्जा साठते. कॉइलमधील प्रवाहाचे काम हातोडी ढकलणे हे नाही. तो प्रवाह क्षणभर चुंबकाच्या फ्लक्सला, म्हणजे चुंबकीय प्रभावाला, विरोध करतो, पकड सुटते आणि पाटा स्वतःच्या ताणाने पुढे झेपावतो, शाईच्या रिबनवर व कागदावर आदळतो, उलट येतो आणि पुन्हा चुंबकाच्या ताब्यात जातो.

यातून मिळते काय? ठोक्याची ऊर्जा पाट्याच्या जाडीवर, लांबीवर आणि मागे वाकण्याच्या अंतरावर ठरते, आणि या तिन्ही गोष्टी कारखान्यातच निश्चित झालेल्या असतात. विद्युतचुंबकाने ढकलणारी हातोडी घेतली असती तर ठोका प्रवाहावर अवलंबून राहिला असता आणि प्रवाह कॉइलच्या तापमानावर. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे कॉइल ४० अंशांनी तापली की रोध साधारण १६ टक्क्यांनी वाढतो. सकाळी थंड यंत्रावर आणि दुपारी तापलेल्या यंत्रावर उड्डाणकाल वेगळा पडला असता, आणि शेजारशेजारच्या दोन हातोड्यांमध्येही तो जुळला नसता. कायम चुंबकाच्या रचनेत हा परिणाम पूर्ण नाहीसा होत नाही, पण पुष्कळ लहान होतो. याशिवाय वीज गेली तरी सर्व हातोड्या मागेच राहतात, त्यामुळे कागद ओढताना तो खुंटांना अडकून फाटत नाही. पुढे काही साध्या, धावत्या डोक्याच्या प्रिंटरांमध्येही पिनांसाठी हेच तत्त्व वापरले गेले.

कंपन_संतुलन यांचे उत्तर

वरील उत्तर उत्तम आहे. तिसऱ्या प्रश्नाचा हिशेब मी मांडतो. पट्टीचे वजन आणि वेळेची विभागणी गणित सोपे व्हावे म्हणून धरलेली आहे, त्यामुळे आपल्या यंत्राचे नेमके आकडे थोडे वेगळे निघतील, पण परिमाण हेच राहील.

प्रिंटर मिनिटाला ३०० ओळी छापतो असे धरू, म्हणजे एका ओळीला २०० मिलिसेकंद. अक्षर ७ रांगांचे असेल आणि प्रत्येक रांगेला २५ मिलिसेकंद दिले, तर छपाईत १७५ मिलिसेकंद जातात आणि उरलेल्या २५ मध्ये कागद दोन ओळींमधली मोकळी जागा ओलांडतो. पट्टी ये-जा करताना दोन्ही दिशांनी छापत असल्यामुळे तिची पूर्ण आवर्तने सेकंदाला २० होतात. रांगेच्या २५ मिलिसेकंदांपैकी २० छपाईसाठी आणि ५ दिशा बदलण्यासाठी ठेवू. याच ५ मिलिसेकंदांत कागदाला एका ठिपक्याइतके, म्हणजे १/७२ इंच, सरकून स्थिर व्हायचे असते, हेही लक्षात ठेवावे.

पट्टी छपाईच्या काळात एकसमान वेगाने न्यायची असे ठरवले तर ७.६२ मिलिमीटर २० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला ३८१ मिलिमीटर वेग हवा. दिशा बदलताना हा वेग उलटा करायचा, म्हणजे ७६२ मिलिमीटर प्रति सेकंद इतका बदल ५ मिलिसेकंदांत. त्याचे सरासरी त्वरण सुमारे १५२ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, गुरुत्वाच्या पंधरा पटींहून अधिक. पट्टी ३ किलोची धरली तर तिला वळवण्यासाठी सुमारे ४५७ न्यूटन बल लागते, आणि तितकेच बल उलट दिशेने यंत्राच्या सांगाड्यावर येते, सेकंदाला ४० वेळा, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. ठोकळा नसता तर आपला प्रिंटर फरशीवर चालू लागला असता, आणि त्याहून वाईट म्हणजे ट्रॅक्टर (कागदाच्या कडेची भोके टोकांत धरून तो पुढे नेणारे पट्टे) व प्लॅटन (कागदामागचा जड आधार) हेही त्या सांगाड्यासोबत थरथरले असते. ठिपका जिथे पडायला हवा ती जागाच हलत असेल तर हातोडी कितीही अचूक सुटून उपयोग नाही. म्हणून ते दुप्पट वजन मान्य करावे लागते. ठोकळा केवळ तितक्याच वजनाचा असून भागत नाही. त्याची गती पट्टीच्या गतीच्या शक्य तितकी एकाच रेषेत असावी लागते, अन्यथा बले रद्द झाली तरी त्यांच्यातील अंतरामुळे पीळ निर्माण होतो आणि यंत्र डोलते.

दुसरा पर्याय साइन वक्रानुसार हालचालीचा आहे. विक्षिप्त चाक आणि जोडदांडा लावला की जवळजवळ ही गती आपोआप मिळते. तितक्याच वेळात तितकीच रुंदी छापायची असेल तर आयाम (मध्यापासून एका बाजूची कमाल सरक) ४ मिलिमीटर लागतो, त्वरण सर्वाधिक असतानाही सुमारे ६३ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढेच राहते आणि ३ किलोच्या पट्टीला १९० न्यूटन पुरतात. बल निम्म्याहून कमी होते, त्यात धक्का नसतो, बेअरिंगचे आयुष्य वाढते. किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. मध्यभागी वेग सेकंदाला ५०३ मिलिमीटर होतो आणि कडांना १५५ पर्यंत उतरतो. दोन ठिपक्यांमधला वेळ मध्यभागी ०.८४ मिलिसेकंद इतका कमी पडतो, जिथे एकसमान वेगात तो १.११ मिलिसेकंद असतो. म्हणजे हातोडीला सेकंदाला ९०० ऐवजी जवळपास १२०० ठोक्यांची क्षमता हवी. शिवाय ठोक्याचे क्षण घड्याळाने ठरवता येत नाहीत. पट्टीची प्रत्यक्ष स्थिती मोजून ठरवावे लागतात.

माझे मत विचाराल तर साइन गती हाच यांत्रिकदृष्ट्या प्रामाणिक मार्ग आहे. एकसमान वेगासाठी लागणारा, धक्के घेणारा कॅम (ठरावीक वक्राचे चाक) कितीही काळजीपूर्वक कोरला तरी तो झिजतो आणि झिजलेल्या कॅमचा वक्र पुन्हा मिळवता येत नाही, तर ठोक्याच्या वेळेतील फरक इलेक्ट्रॉनिक्सने भरून काढता येतो.

हातोड्या दुप्पट करून पल्ला निम्मा केला तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. वेग तोच ठेवला तर आवर्तने दुप्पट होतात, छपाईही जवळपास दुप्पट होते, पण त्वरणही दुप्पट होते. त्यात हातोड्या वाढल्यामुळे पट्टीचे वजन वाढते. म्हणून लाइन मॅट्रिक्सचा वेग वाढवणे हे प्रत्येक टप्प्यावर पट्टी हलकी करण्याचे काम ठरते.

वारणाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. कंपन_संतुलन सरांचा हिशेब मी वहीत उतरवून घेतला आहे.

यावरून आमच्या यंत्रातील एका दोषाबद्दल विचारतो, कारण आता मला तो या उड्डाणकालाशी जोडलेला वाटू लागला आहे. एकेरी कागदावर तक्त्याच्या उभ्या रेघा सरळ येतात. चार प्रतींचा कागद लावला की काही उभ्या रेघा करवतीच्या दात्यांसारख्या होतात, एक ठिपका डावीकडे, पुढचा उजवीकडे. विशेष म्हणजे सगळ्या रेघा बिघडत नाहीत. त्याच ओळीत काही रेघा जवळजवळ स्वच्छ असतात. शेवटची प्रत फिकीही येते. यंत्रावर काम करणारे कर्मचारी जाड कागद अडकू नये म्हणून कागदाच्या जाडीचा खटका अगदी शेवटपर्यंत उघडून ठेवतात, हे मी आज मुद्दाम पाहिले. याचा संबंध असेल का? आणि काही हातोड्या खराब झाल्या आहेत असे समजून त्यांचा संच मागवावा का?

छपाईयंत्र_सेवा

संच तूर्त मागवू नये. तो महाग असतो आणि आपण सांगितलेली लक्षणे खराब हातोडीची नाहीत.

खराब हातोडीची खूण ओळखायला सोपी आहे. धावत्या डोक्याच्या प्रिंटरमध्ये एक पिन मेली तर प्रत्येक अक्षरातून एक आडवी पांढरी रेघ पूर्ण ओळभर जाते. लाइन मॅट्रिक्समध्ये एक हातोडी मेली तर तिच्या वाट्याचे दोन-तीन स्तंभ वरपासून खालपर्यंत कोरे राहतात आणि बाकीचे पान निर्दोष असते. हातोडी मेलेली नसून सुस्त झाली असेल, म्हणजे कागदाचा भुगा आणि रिबनची शाई साचून अडखळत असेल, तर करवतीचे दाते फक्त तिच्या पट्ट्यात दिसतील, आणि ते एकेरी कागदावरही दिसतील. आपल्याकडे एकेरी कागद स्वच्छ छापला जातो, म्हणून हातोड्यांना दोष देता येत नाही.

त्या खटक्याचे काम समजून घ्या. खटका कागदामागचा प्लॅटन मागेपुढे करतो. जाड कागद लावला की प्लॅटन तेवढाच मागे न्यायचा असतो, जेणेकरून कागदाचा पुढचा पृष्ठभाग, जिथे खुंट आदळतो, तो हातोडीपासून पूर्वीइतक्याच अंतरावर राहील. गरजेपेक्षा जास्त उघडला की कागद मागे जातो आणि हातोडीला लांबचा प्रवास करावा लागतो. हातोडीची झेप मोजून आखलेली असते; पाटा सरळ होण्याच्या जागेपाशी तिचा वेग सर्वाधिक असतो आणि तिथेच कागद असायला हवा. त्या जागेच्या पुढे गेल्यावर पाटा उलट बाजूला वाकू लागतो आणि मंदावतो. म्हणून आपल्याकडे ठोका उशिरा पडतो आणि हलकाही पडतो. दाते आणि फिकी प्रत ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत.

खटका कागदाच्या जाडीला जुळेल इतकाच उघडा आणि कागद अडकण्याचे खरे कारण वेगळे शोधा. माझ्या अनुभवात अनेक प्रतींचा कागद अडकतो तो बहुधा ट्रॅक्टरमधील ताणामुळे. दोन्ही बाजूंचे ट्रॅक्टर एकमेकांपासून इतके दूर ओढलेले असतात की कागदाची भोके लांबट होतात, किंवा इतके जवळ असतात की कागद मध्यभागी फुगतो आणि रिबनला घासतो. भोकांमध्ये ट्रॅक्टरची टोके मधोमध बसलेली दिसली पाहिजेत. रिबन आणि कागद यांच्यामध्ये भोके असलेली पोलादाची एक पातळ पट्टी असते, जिला आम्ही रिबन मास्क म्हणतो. ती वाकलेली असेल तर जाड कागदाची कड तिच्यात अडकते, म्हणून तीही काढून उजेडात धरून पाहा. रिबन थोडी तिरकी जाताना दिसेल. तो दोष नाही. हातोड्या एकाच आडव्या रेषेत मारत असतात, त्यामुळे रिबन सरळ नेली तर तिचा एकच पट्टा झिजेल. ती तिरकी नेल्याने पूर्ण रुंदी वापरली जाते. पण तिची कड दुमडली असेल तर तिथे दोन पदर होतात आणि जाड कागद नेमका तिथेच अडतो.

कंपन_संतुलन

काही रेघा बिघडतात आणि काही नाही, हे निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण त्यावरून आपल्या यंत्राची पट्टी बहुधा साइन गतीने चालते असे म्हणता येते.

हातोडीची नैसर्गिक वारंवारता ६०० हर्ट्झ आणि तिचे मागे वाकणे ०.४५ मिलिमीटर धरू. पाटा सरळ होण्याच्या जागेपर्यंत यायला चतुर्थांश आवर्तन, म्हणजे सुमारे ०.४२ मिलिसेकंद लागतात. प्लॅटन ०.२५ मिलिमीटर जास्त मागे असेल तर आणखी ०.१६ मिलिसेकंद लागतात आणि आदळतानाची ऊर्जा जवळपास ३० टक्क्यांनी घटते. फिक्या प्रतीचे उत्तर इथेच मिळते.

आता दात्यांकडे येऊ. प्रिंटरला नेहमीचा उड्डाणकाल माहीत असतो आणि तो तितका आधी हातोडी सोडतो. त्यात न धरलेला ०.१६ मिलिसेकंदांचा उशीर झाला की तेवढ्या वेळात पट्टी पुढे गेलेली असते. पट्टीचा वेग ५०३ असताना ठिपका ०.०८ मिलिमीटर पुढे पडतो. परतीच्या रांगेत तो विरुद्ध दिशेने तितकाच सरकतो. दोन लगतच्या रांगांमधील फरक ०.१६ मिलिमीटर होतो, म्हणजे ०.४२ मिलिमीटरच्या ठिपक्यांतराच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक, आणि तो डोळ्यांना स्पष्ट दिसतो. जिथे पट्टी वळण्याच्या बेतात असते तिथे वेग १५५ असल्यामुळे हाच फरक ०.०५ मिलिमीटरवर येतो आणि रेघ स्वच्छ वाटते. म्हणून एखाद्या हातोडीच्या पट्ट्याच्या मध्यावर पडणारी रेघ बिघडते आणि दोन हातोड्यांच्या हद्दीवर पडणारी रेघ चांगली दिसते. पट्टी एकसमान वेगाने चालत असती तर सगळ्या रेघा सारख्याच बिघडल्या असत्या.

हे पडताळून पाहता येईल. लगतच्या प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक, अशा उभ्या रेघा थोड्या थोड्या उंचीच्या, पायऱ्यांप्रमाणे सरकवत छापा आणि भिंगातून पाहा. दाते हातोडीच्या मध्यावर मोठे आणि कडेकडे लहान होत गेले, आणि हाच क्रम प्रत्येक हातोडीच्या पट्ट्यात तसाच आढळला, तर कारण प्लॅटनचे अंतर हेच आहे.

बाराखडी यांचे उत्तर

चर्चा वाचून एक मुद्दा मांडावासा वाटला, कारण ऊसबिले मराठीत छापली जात असतील तर तो या यंत्राला थेट लागू पडतो. मी काही काळ देवनागरी छपाईच्या सॉफ्टवेअरवर काम केले आहे.

घडीव अक्षरांच्या साखळीवर किंवा ड्रमवर काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे बसवणे व्यवहार्य नव्हते. ठिपक्यांच्या प्रिंटरला मात्र अक्षर कोणत्या लिपीचे आहे याच्याशी देणेघेणे नसते, म्हणून पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या जिस्टसारख्या तंत्रज्ञानातून भारतीय लिप्यांना ठिपक्यांच्या छपाईवर वाट मिळाली. पण यंत्राच्या बाजूने पाहिले तर देवनागरी त्याच्यावर दोन प्रकारचे ओझे टाकते.

पहिले ओझे रांगांचे. रोमन अक्षर ७ रांगांत भागते. देवनागरीला शिरोरेघेच्या वर मात्रा-अनुस्वारासाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते. वर मांडलेल्या हिशेबाने एका रांगेला २५ मिलिसेकंद धरले आणि वाचनीय देवनागरीसाठी २४ रांगा घेतल्या, तर एका ओळीला ६०० मिलिसेकंद लागतात आणि मिनिटाला ३०० ओळींचा प्रिंटर १०० वर येतो. यात यंत्राचा दोष काही नाही.

दुसरे ओझे शिरोरेघेचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. इंग्रजी मजकुराच्या कोणत्याही रांगेत बहुतेक हातोड्या बहुतेक वेळ गप्प असतात. शिरोरेघेच्या रांगेत शब्दांमधली अंतरे सोडली तर प्रत्येक हातोडीला प्रत्येक जागी ठोका मारावा लागतो. ४४ हातोड्या आणि १८ जागा घेतल्या तर एका पल्ल्यात जवळपास ७९२ ठोके होतात, आणि हातोड्यांमधील अंतर समान असेल तर त्यातील प्रत्येक वेळचे ४४ ठोके एकाच क्षणी पडतात. वीजपुरवठ्यातून त्या क्षणी सर्वाधिक प्रवाह खेचला जातो आणि कॉइल तापतात. शेजारची हातोडी सुटत असताना चुंबकीय फ्लक्स कसा बदलतो, याचा परिणामही याच रांगेत सर्वांत जास्त जाणवतो. त्यामुळे शिरोरेघ कधी कधी मजकुराच्या इतर रांगांपेक्षा किंचित सरकलेली दिसते. दाट छपाई आली की अनेक प्रिंटर स्वतःहून वेग कमी करतात, तेही यासाठीच.

वारणाकाठ, आपण तक्त्याच्या आडव्या रेघाही ठळक छापत असाल तर त्या एका रांगेच्या ठेवाव्यात, दोन रांगांच्या नकोत. दिसण्यात फरक थोडा पडतो, पण हातोड्यांवरचा भार त्या रेघांपुरता निम्मा होतो.

कंपन_संतुलन

बाराखडी यांच्या मुद्द्याला एक जोड देतो. ४४ हातोड्या एकाच क्षणी कागदावर आदळतात तेव्हा प्लॅटनवर तो एकत्रित धक्का बसतो, आणि प्लॅटन दोन्ही टोकांना धरलेला असल्यामुळे मध्यभागी किंचित मागे वाकतो. म्हणूनच तो इतका जाड आणि जड असतो. आपल्याकडे प्लॅटनचे टोकाचे आधार सैल झाले असतील तर शिरोरेघ फिकी दिसू शकेल. खटका बरोबर लावूनही शेवटची प्रत फिकी राहिली तर हे पाहावे.

छपाईयंत्र_सेवा

अगदी बरोबर. ते तपासताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) प्लॅटन आणि हातोड्यांच्या आवरणामधील अंतर डाव्या टोकाला, मध्यावर आणि उजव्या टोकाला मोजावे, खटका प्रत्येक वेळी एकाच खाचेत ठेवून, आणि मोजण्यापूर्वी वीज बंद करून. टोकांच्या मापांत फरक निघाला तर आधी आधाराचे स्क्रू पाहावेत. त्या प्रिंटरच्या सेवापुस्तिकेत अंतराचे माप दिलेले असते. तेच घ्यावे, दुसऱ्या मॉडेलचे घेऊ नये. हातोड्यांची टोके साफ करताना मऊ कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूम वापरावा. दाबाची हवा मारू नये, कारण तिने कागदाचा भुगा हातोडी आणि चुंबकाच्या फटीत जाऊन बसतो. टोकांना तेल तर मुळीच लावू नये. तेल भुगा धरून ठेवते आणि आज ठीक असलेल्या हातोड्या पुढच्या हंगामात सुस्त होतात.